पोराला कॉलेजात फुटबॉल खेळायचंय? मग नववीपासून काय काय करायचं ते सगळं

कॉलेजचा कोच आपल्या पोराला शोधत येईल ही कल्पना सगळ्यात आधी डोक्यातून काढून टाका. येतात ते, पण ज्यांचं नाव दहावीतच देशभर झालंय अशा मोजक्या पोरांसाठी. बाकीच्यांना आपली फिल्म, आपले मार्क आणि आपलं नाव स्वतःच पाठवायला लागतं, आणि तेही वेळेवर आणि योग्य माणसाला. अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांमध्ये हे सांगणारं कोणी नसतं, आईबाबा क्रिकेट नाहीतर कबड्डी खेळून मोठे झालेले, हेल्मेट-पॅडवाल्या फुटबॉलचे नियम पोराकडूनच शिकलेले, मग रिक्रूटिंग कसं चालतं हे त्यांना कुठून माहीत असणार. म्हणून एका जागी लिहितेय. पोर नववीत असेल तर उत्तम, अकरावीत असेल तरी उशीर झालेला नाहीये, बारावीत असेल तर शेवटचा भाग आधी वाचा.

आकडे आधी बघून घ्या. देशभरात हायस्कूल फुटबॉल खेळणारी पोरं दहा लाखांच्या आसपास आहेत, त्यातली एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजातले खेळ चालवणाऱ्या देशभरच्या संघटनेच्या, कुठल्या ना कुठल्या पातळीवर पोचतात ती शंभरात साधारण सात, आणि डिव्हिजन वनला जेमतेम तीन. हे घाबरवायला सांगत नाहीये. सांगतेय यासाठी की शनिवारी टीव्हीवर जे दिसतं, ओहायो स्टेट, अलाबामा, टेक्सास, ते या सगळ्याचं फक्त वरचं टोक आहे आणि त्याखाली शेकडो टीम आहेत, तिथेही तेवढ्याच मनापासून फुटबॉल खेळलं जातं, आणि आपल्या बहुतेक पोरांची खरी जागा तिथेच असते.

पातळ्या कुठल्या आणि पैसे कुठे मिळतात

डिव्हिजन वनचे दोन भाग. वरचा एफबीएस, १३० च्या वर कॉलेजं, खालचा एफसीएस, तेही साधारण तेवढेच. मग डिव्हिजन टू, मग डिव्हिजन थ्री ज्यात दोनशेच्या वर फुटबॉल टीम आहेत, शिवाय एनएआयए नावाची वेगळी संघटना, आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं.

स्कॉलरशिपचं गणित २०२५ मध्ये बदललं. आधी एफबीएसला ८५ फुल स्कॉलरशिप असायच्या, एफसीएसला ६३ आणि त्या तुकडे करून वाटता यायच्या. जून २०२५ मध्ये कोर्टाने हाउस केसमधली, म्हणजे खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या खटल्यातली, तडजोड मंजूर केली, तेव्हापासून जी कॉलेजं त्यात सामील झालीयेत त्यांना स्कॉलरशिपची मर्यादा नाही, टीमच्या आकाराची आहे, फुटबॉलला १०५ जण. आता मर्यादा उठली म्हणजे जास्त पोरांना पैसे, असं वाटतं, पण पूर्वी याच टीमांमध्ये स्कॉलरशिप नसलेले, वॉक-ऑन म्हणून आलेले भरपूर जण असायचे, १०५ च्या वर टीम न्यायची नाही म्हटल्यावर त्यांच्या जागा गेल्या. त्यात २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल आहे, कॉलेज बदलायला निघालेल्या खेळाडूंची यादी, म्हणजे कोचला हायस्कूलच्या १७ वर्षांच्या पोरावर तीन वर्षं मेहनत घेण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजातला २१ वर्षांचा तयार खेळाडू उचलता येतो. त्यामुळे पाच-सात वर्षांपूर्वी जो मुलगा एफसीएसला गेला असता तो आज डिव्हिजन टूला दिसतो, आणि टूचा थ्रीला. मुलगा कमी पडला असं नाहीये, रांग खाली सरकलीये. हे पोराला नीट समजावून सांगा, नाहीतर तो उगाच स्वतःला दोष देत बसतो.

डिव्हिजन टूला ३६ स्कॉलरशिपइतकी रक्कम असते आणि ती शंभराच्या आसपास पोरांत वाटतात, म्हणजे कोणाला फी, कोणाला फक्त पुस्तकं. डिव्हिजन थ्रीला खेळासाठी एक डॉलरही नाही, पण मार्कांवरची आणि घरच्या उत्पन्नावरची मदत असते. आयव्ही लीगची आठही कॉलेजं एफसीएसमध्ये खेळतात, तिथेही खेळाची स्कॉलरशिप नाही, घरच्या परिस्थितीनुसार मदत. एफसीएसमध्येच पायोनियर फुटबॉल लीग आहे, डेव्हिडसन, ड्रेक, बटलर, सॅन डिएगो वगैरे, तिथेही फुटबॉलची स्कॉलरशिप नाही पण डिव्हिजन वनचं वेळापत्रक आहे.

माझं मत विचाराल तर, ज्या घरात मार्कांची शिस्त आहे त्या घरातल्या पोरासाठी डिव्हिजन थ्री ही सगळ्यात भारी पातळी आहे. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, केस वेस्टर्न, विल्यम्स, अॅमहर्स्ट, या सगळ्यांच्या फुटबॉल टीम आहेत. तिथल्या कोचला असा मुलगा हवा असतो जो अॅडमिशन ऑफिसच्या चाळणीतून जाईल, आणि असे मुलगे त्यांना पुरेसे मिळत नाहीत. तुमच्या घरात तो जेवायच्या टेबलावर बसलाय.

मार्क, म्हणजे खरंच मार्क

डिव्हिजन वन आणि टूला खेळायचं तर एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरकडून पात्रता मिळवायला लागते. त्यासाठी १६ कोअर कोर्स. डिव्हिजन वनला त्याची वाटणी अशी: इंग्लिश ४ वर्षं, मॅथ ३ वर्षं अल्जिब्रा वन किंवा त्याच्या वरचं, सायन्स २, या तीनपैकी कशाचंही आणखी १, सोशल सायन्स २, आणि उरलेले ४ यातलेच किंवा फॉरेन लँग्वेज वगैरे. या कोर्सेसचा जीपीए डिव्हिजन वनला किमान २.३, टूला २.२.

२.३ वाचून आपल्याकडचे आईबाबा निर्धास्त होतात, आमच्याकडे तर ३.८ आहे म्हणतात. थांबा. अडचण जीपीएची नसते, कोर्स मोजला जातो का याची असते. प्रत्येक हायस्कूलची एनसीएएने मान्य केलेल्या कोर्सेसची यादी असते, एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर शाळेचं नाव टाकलं की दिसते. पोराने घेतलेला भारीतला कॉम्प्युटर सायन्सचा इलेक्टिव्ह त्यात नसू शकतो, उन्हाळ्यात ऑनलाइन केलेला हेल्थ किंवा पीई तर नक्कीच नसतो, आणि ऑनलाइन मॅथ केलं असेल तर तो प्रोग्रॅम मान्य आहे का ते वेगळं बघायला लागतं. उलट आपली पोरं आठवीतच अल्जिब्रा वन किंवा स्पॅनिश करून टाकतात, ते हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसकट आलं असेल तर मोजलं जाऊ शकतं. काउन्सेलरला नववीतच जाऊन भेटा आणि स्पष्ट सांगा की याला कॉलेजात फुटबॉल खेळायचंय, ती यादी समोर ठेवून चार वर्षांचा प्लॅन करून द्या.

अजून एक नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. डिव्हिजन वनसाठी १६ पैकी १० कोर्स बारावी सुरू व्हायच्या आधी पूर्ण पाहिजेत आणि त्या दहातले ७ इंग्लिश, मॅथ, सायन्सचे. आणि हे ग्रेड तिथे लॉक होतात, म्हणजे दहावीत केमिस्ट्रीत सी आला आणि बारावीत परत बसून ए काढला तरी तो त्या दहात धरत नाहीत. सुधारायचं असेल तर अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच.

एसएटी-एसीटी एनसीएएच्या पात्रतेसाठी जानेवारी २०२३ पासून लागत नाही. पण कॉलेजला स्वतःला हवी असू शकते, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड यांनी परत सक्तीची केलीये. अकरावीच्या मार्चपर्यंत एकदा तरी देऊन टाका, कारण अकरावी संपल्यावर चांगल्या कॉलेजांचे कोच ट्रान्सक्रिप्ट आणि स्कोअर मागून अॅडमिशन ऑफिसला आधीच दाखवतात, त्याला प्री-रीड म्हणतात. त्यात हिरवा कंदील मिळाला तर कोच पुढे बोलतो, नाही मिळाला तर तो गोड बोलून गप्प होतो आणि तुम्हाला वाटत राहतं की खेळात काहीतरी कमी पडलं.

फिल्म

कोच पोराला प्रत्यक्ष बघायच्या आधी हडलवर, म्हणजे मॅचच्या फिल्म ठेवायच्या साइटवर, बघतो. हायस्कूलची टीम तिथे सगळ्या मॅच टाकते, पोराला स्वतःचा लॉगिन असतो, त्यातून हायलाइट तो स्वतः बनवू शकतो, कोणाला पैसे द्यायची गरज नाही.

लांबी तीन-चार मिनिटं, त्याहून जास्त नको. सगळ्यात भारी पाच-सहा प्ले अगदी सुरुवातीला, मॅचच्या क्रमाने लावू नका, कारण कोच अर्धा मिनिट बघून ठरवतो की पुढे बघायचं की नाही. प्रत्येक प्ले सुरू व्हायच्या आधी एक क्षण फ्रीज करून पोराभोवती गोल किंवा बाण, नाहीतर बावीस जणांत शोधायचं कोणी. पहिल्या स्लाइडवर नाव, ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, उंची, वजन, जर्सी नंबर, शाळा, जीपीए, फोन. शिव्या असलेलं गाणं लावू नका, खरं तर गाणंच नको, बहुतेक कोच आवाज बंद करून बघतात.

काय दाखवायचं हे पोझिशनवर आहे. ऑफेन्सिव्ह लाइनवाला असेल तर फक्त माणूस जमिनीवर पाडल्याचे प्ले नकोत, पास प्रोटेक्शनमध्ये पाय कसे हलतात ते दिसलं पाहिजे. लाइनबॅकर आणि सेफ्टीचा मोकळ्या मैदानातला टॅकल पाहिजे. क्वार्टरबॅकचे फक्त लांबलचक टचडाउन नकोत, समोरून माणूस अंगावर येत असताना पायावर उभं राहून टाकलेला पंधरा यार्डांचा पास कोचला जास्त काही सांगतो. रिसीव्हर असेल तर त्याला बॉल न आलेले पण त्याने जीव तोडून ब्लॉक केलेले दोन-तीन प्ले टाका, कोच लोकांना हे फार आवडतं. आणि चांगल्या टीमविरुद्धच्या दोन पूर्ण मॅच वेगळ्या तयार ठेवा, कारण ज्याला हायलाइट आवडली तो पुढचा प्रश्न तोच विचारतो.

जाता जाता एक. आपली कितीतरी पोरं लहानपणापासून सॉकर खेळतात. ज्याचा पाय जोरदार आहे पण अंगापिंडाने लहान आहे त्याने किकर किंवा पंटर व्हायचा विचार करा, आणि ज्याला तासन् तास एकच गोष्ट अचूक करायचा कंटाळा नाही त्याने लाँग स्नॅपर, म्हणजे किकच्या वेळी पायांमधून मागे बॉल फेकणारा. या तिघांना कॉलेजात सहसा सुरुवातीला स्कॉलरशिप मिळत नाही, पण जागा मिळते, आणि त्यांचं रिक्रूटिंग बरंचसं त्यांच्या वेगळ्या कॅम्पवरून होतं.

ईमेल पोराने लिहायचा, तुम्ही नाही

हे मी हात जोडून सांगते. आपल्याला सवय असते मुलांचे फॉर्म भरायची, ईमेल लिहून द्यायची. कोचला पहिल्या ओळीत कळतं की हे बाबांनी लिहिलंय, आणि त्याला चार वर्षं बाबांना नाही, पोराला कोचिंग करायचंय. तुम्ही स्पेलिंग तपासा, बस.

ईमेल छोटा. विषयाच्या ओळीत नाव, ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, राज्य, जीपीए. आत पहिल्याच ओळीत हायलाइटची लिंक. मग उंची-वजन, वेटरूमचे आकडे, मार्क, कुठला मेजर करायचाय, त्यांच्याच कॉलेजात का यायचंय त्याचं एक खरं वाक्य, आणि हायस्कूलच्या हेड कोचचं नाव आणि फोन. पाठवायचा त्या पोझिशनच्या कोचला आणि तुमच्या भागाचं रिक्रूटिंग बघणाऱ्या कोचला, दोघांचे पत्ते कॉलेजच्या अॅथलेटिक्सच्या साइटवर स्टाफ डिरेक्टरीत असतात. हेड कोचला पाठवून उपयोग नसतो. तिथेच प्रॉस्पेक्टसाठीचा क्वेश्चनेअर असतो, तो आधी भरा म्हणजे त्यांच्या यादीत नाव लागतं.

किती कॉलेजांना? चाळीस-पन्नास तरी, आणि सगळ्या पातळ्यांवर. दहा स्वप्नातली, बाकीची अशी जिथे रोस्टर, म्हणजे टीमची यादी, उघडून बघितल्यावर पोराच्या पोझिशनचे पहिल्या वर्षाचे मुलगे त्याच्याच उंची-वजनाचे दिसतात. हे रोस्टर बघणं सगळ्यात कमी जण करतात आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं तेच आहे. लाइनवाले सगळे सहा फूट चारच्या वर आणि आपलं पोर सहा फूट, तर त्या कॉलेजवर वेळ घालवू नका.

उत्तर नाही आलं तर वाईट वाटून घेऊ नका, बऱ्याचदा नियमच आड येतो. डिव्हिजन वनचे कोच फुटबॉलच्या पोराला अकरावीच्या १ सप्टेंबरच्या आधी रिक्रूटिंगचा ईमेल-मेसेज पाठवूच शकत नाहीत, फक्त कॅम्पचं पत्रक आणि क्वेश्चनेअर पाठवू शकतात. डिव्हिजन थ्रीचे मात्र केव्हाही फोन-ईमेल करू शकतात. सीझन चालू असताना दर तीन-चार आठवड्यांनी नवीन फिल्मसकट एक छोटा अपडेट पाठवत राहायचा.

आणि एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) पोराचं खऱ्या नावाचं अकाउंट असू दे, वर फिल्म पिन केलेली. बरेच कोच बोलणं तिथेच मेसेजमध्ये सुरू करतात. पोर काय रीपोस्ट करतो हेही बघतात, आणि तुम्ही स्टँडमध्ये बसून हायस्कूलच्या कोचवर ओरडता का हेसुद्धा त्यांच्या कानावर जातं, कारण पहिला फोन ते त्याच कोचला करतात.

कॅम्प आणि उन्हाळा

जून महिना हा कॅम्पचा. आणि आपल्या घरांमध्ये जून-जुलै हा भारतात जायचा, आंबे, लग्नं, आजी-आजोबा, सगळं तेव्हाच. नववीनंतरच्या उन्हाळ्यात जा खुशाल. दहावीनंतर आणि खास करून अकरावीनंतरचा जून मात्र इथेच काढायला लागेल, डिसेंबरच्या सुट्टीत जा. कठीण असतं, आजीला फोनवर समजावून सांगायला लागतं, पण ज्या दोन-तीन आठवड्यांत कोच पोराला स्वतःच्या डोळ्यांनी बघून ऑफर द्यायची की नाही ठरवतो ते हेच.

घरी कॅम्पचं छान छापील आमंत्रण येईल, पोराचं नाव घालून. ते हजारो जणांना गेलेलं असतं. खरा इंटरेस्ट ओळखायची खूण अशी की पोझिशन कोच स्वतः मेसेज करतो, फिल्ममधल्या एखाद्या प्लेबद्दल बोलतो, ट्रान्सक्रिप्ट मागतो. तसं नसेल तर त्या मोठ्या युनिव्हर्सिटीच्या कॅम्पला जाऊन फी, हॉटेल, विमान, एवढा खर्च करून मुलगा चारशे जणांच्या गर्दीत उभा राहतो. त्यापेक्षा मेगा कॅम्प बघा, एका जागी पंधरा-वीस-तीस कॉलेजांचे कोच येतात, डिव्हिजन टू-थ्री भरपूर, एकाच दिवसात सगळे बघतात. जायच्या आठवडाभर आधी त्यातल्या प्रत्येक कोचला पोराने ईमेल करायचा की मी येतोय, या नंबरचा टीशर्ट असेल.

हजारो डॉलर घेऊन तुमचं प्रोफाइल कॉलेजांना पाठवतो म्हणणाऱ्या रिक्रूटिंग सर्व्हिसच्या नादी लागू नका. ते जे करतात ते वर लिहिलेलंच आहे, आणि कोचला पोराचा स्वतःचा ईमेल त्यांच्या ढीगभर ईमेलांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आकडे खरे ठेवा. ४० यार्डांचा टाइम हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलेला कोणी धरत नाही, कॅम्पमध्ये लेसरवर लागतो तो खरा, आणि ईमेलमध्ये ४.५ लिहून तिथे ४.९ आला की संपलंच. वसंतात ट्रॅक करा, हे मी प्रत्येकाला सांगते. १०० मीटरचा अधिकृत टाइम ऑनलाइन कोणालाही बघता येतो, लाइनवाल्यांसाठी शॉटपुट आहे, कुस्ती आहे. कोचला एकापेक्षा जास्त खेळ खेळणारा मुलगा आवडतो आणि पोराचं अंगही त्याने मोकळं राहतं.

खाणं, वजन आणि डोकं

शाकाहारी घरातून फुटबॉल होतं का, हा प्रश्न नेहमी येतो. होतं, पण मोजून खायला लागतं. वेटरूम करणाऱ्या पोराला वजनाच्या किलोमागे साधारण १.६ ते २ ग्रॅम प्रोटीन पाहिजे, म्हणजे ८० किलोच्या पोराला १३० ते १६०. वरण-भात-पोळी-भाजीत ते येत नाही. पनीर शंभर ग्रॅमला १८ च्या आसपास देतं, मग घट्ट ग्रीक दही, दूध, राजमा, छोले, टोफू, अंडी चालत असतील तर एकाला सहा, आणि एखादा व्हे शेक. वजन वाढवायचंय त्याला दिवसातून पाच वेळा खायला लागतं आणि तेवढं करून ठेवणं हे घरच्यांचं काम. सप्लिमेंट घ्यायचंच असेल तर डब्यावर एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्टचा शिक्का बघा, कॉलेजात ड्रग टेस्ट असते, आणि भारतातून कोणी आणलेलं ताकदीचं चूर्ण-बिर्ण अजिबात नको, त्यात काय आहे हे सिद्ध करता येत नाही.

ऑगस्टमधला प्री-सीझन म्हणजे भर उन्हात पॅड घालून प्रॅक्टिस आणि आपला श्रावण तेव्हाच. त्या आठवड्यांत पोराला उपवास धरू देऊ नका, पाणी आणि मीठ कमी पडलं की उष्माघाताचा धोका खरा आहे.

आणि कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का. सगळ्या ५० राज्यांत यावर कायदे आहेत, शंका आली की त्याला खेळातून बाहेर काढायचं आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. पण शंका येण्यासाठी पोराने बोललं पाहिजे ना, आणि रिक्रूटिंगच्या वर्षात पोरं लपवतात. नववीतच त्याला सांगून ठेवा की डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाहीये, आत्ताची गोष्ट आठवत नाहीये, यातलं काहीही झालं तर घरी सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाही, मग समोर कुठलाही कोच बसलेला असो. मला यात दुसरं मत नाहीच, एका मॅचच्या फिल्मसाठी मेंदूवर दुसरा फटका घ्यायचा नाही.

व्हिसा असलेल्या घरांनी हे जरूर वाचा

पोर इथलं सिटिझन किंवा ग्रीन कार्डवालं असेल तर फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरता येतो, सरकारी मदत मिळू शकते. एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या एच-१बीवरच्या डिपेंडंट व्हिसावर, असेल तर फेडरल मदत नाही. म्हणजे डिव्हिजन थ्रीचा कोच म्हणतो काळजी नको, आमच्याकडे भरपूर एड आहे, तेव्हा लगेच विचारायचं की एच-४ वाल्या मुलाला तुम्ही एडसाठी इंटरनॅशनल धरता का, आणि धरत असाल तर किती देता. काही कॉलेजं चांगलं देतात, काही काहीच नाही. इन-स्टेट फीचे नियमही राज्यानुसार बदलतात. खेळाची किंवा मार्कांची स्कॉलरशिप मात्र घेता येते, ती नोकरी नाही.

नोकरी धरली जाते ती एनआयएल, म्हणजे नाव आणि चेहरा वापरून मिळणारे पैसे. एच-४ वर काम करता येत नाही, आणि २१ पूर्ण झाल्यावर बहुतेक पोरं एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जातात, तिथेही कॅम्पसबाहेर कामाला मनाई. त्यामुळे टीममेट कुठल्या दुकानाची जाहिरात करून पैसे घेतायत म्हणून आपल्यानेही सही करायची नाही, आधी इमिग्रेशन वकील, मग सही. ग्रीन कार्डची रांग लागलेल्या घराचं सगळं भविष्य त्यावर असतं.

आणि प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, ठेवायलाच लागतो त्यांना. भेटीला जायच्या आधी त्यात घरचे खरे आकडे टाका. पन्नास हजारांची स्कॉलरशिप ऐकून डोळे दिपतात, पण नव्वद हजारांच्या कॉलेजातली ती आणि घराजवळच्या स्टेट युनिव्हर्सिटीची पूर्ण फी, यात वर्षाला खिशातून किती जाणार तेवढंच बघा.

भेट, ऑफर, सही

तोंडी ऑफर ही बांधील नसते, ना त्यांना ना तुम्हाला. कोचला सरळ विचारायचं, पोराने विचारायचं, की मी आज हो म्हटलं तर तुम्ही घेणार का. तो अडखळला तर ती अजून ऑफर नाहीये. प्रेफर्ड वॉक-ऑन म्हणजे टीममध्ये जागा पण पैसे नाहीत, आणि १०५ च्या मर्यादेनंतर तर हे नक्की विचारा की ती जागा ऑगस्टमध्येही राहणार का.

कॅम्पसला गेल्यावर स्टेडियमचे फोटो काढून झाले की हे विचारा: या पोझिशनला आत्ता किती जण आहेत आणि पोर्टलमधून किती घेताय, टीममधले किती जण इंजिनीअरिंग करतायत, दुपारची लॅब आणि प्रॅक्टिस एकाच वेळी आली तर काय होतं. सीझनमध्ये आठवड्याला २० तासांची मर्यादा कागदावर आहे, प्रवास, फिल्म बघणं, ट्रेनरकडे बसणं धरलं की प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ जातो. दुखापत झाली तर आधी कोणाचा इन्शुरन्स, तुमचा की कॉलेजचा. मग कोच नसताना टीममधल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठून हेच परत विचारा. आणि परतीच्या गाडीत पोराला एकच प्रश्न, पहिल्याच आठवड्यात गुडघा गेला आणि परत कधी खेळता आलं नाही तरी इथे चार वर्षं राहशील का. नाही म्हणाला तर ते कॉलेज यादीतून काढा.

डिव्हिजन वनची सही डिसेंबरच्या सुरुवातीला किंवा फेब्रुवारीत होते. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता कॉलेजशी थेट आर्थिक मदतीचा लेखी करार असतो, त्यात किती वर्षांचे पैसे, दुखापतीनंतर चालू राहणार का, हे शब्द शोधा. डिव्हिजन थ्रीला असला करार नसतो, तिथे कोच म्हणतो अर्ली डिसिजनने अर्ज कर, जो साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला जातो आणि बांधील असतो. त्याच्या आधी कॉलेजकडून मदतीचा लेखी अंदाज मागा, प्री-रीड झालेलं असेल तर देतात.

बारावीचा सीझन संपला आणि हातात काहीच नाही

संपलेलं नाहीये. बारावीच्या पहिल्या तीन-चार मॅचची फिल्म ऑक्टोबरमध्येच नव्याने सगळ्यांना पाठवायची, डिव्हिजन टू-थ्री आणि एनएआयएचे बरेच निर्णय त्याच फिल्मवर होतात. फेब्रुवारीतल्या सह्या झाल्या की कोणाच्या रोस्टरला कुठे भोक पडलंय ते कळतं, तेव्हा हायस्कूलच्या कोचला सांगा की पाच ठिकाणी स्वतः फोन करा, त्याच्या एका फोनला पोराच्या दहा ईमेलांएवढं वजन असतं. डिव्हिजन थ्रीमध्ये रेग्युलर डिसिजनने अॅडमिशन मिळालेल्या कॉलेजच्या कोचला मार्च-एप्रिलमध्ये लिहिलं तरी बऱ्याच ठिकाणी जागा मिळते. ज्युनियर कॉलेज हा रस्ता आहे, दोन वर्षं खेळून पुढे जाता येतं, पण मेजर इंजिनीअरिंगसारखा असेल तर क्रेडिट कुठे ट्रान्सफर होतात ते आधी लिहून घ्या.

ब्रँडन चिलार हे नाव पोराला सांगा हवं तर. वडील भारतीय वंशाचे, यूसीएलएकडून लाइनबॅकर, एनएफएल या प्रोफेशनल लीगच्या २००४ च्या ड्राफ्टमध्ये रॅम्सनी घेतला, नंतर ग्रीन बे पॅकर्स. आपल्यासारख्या घरातलं कोणी यात असतं का, असं शाळेत कोणी विचारलं तर त्याच्याकडे उत्तर असू दे.

आणि जागा मिळाल्यावर कागद राहतात ते विसरू नका. डिव्हिजन वन-टूला जाणार असेल तर ग्रॅज्युएशन झाल्या झाल्या फायनल ट्रान्सक्रिप्ट शाळेकडूनच एलिजिबिलिटी सेंटरला गेलं पाहिजे, तुम्ही स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही, आणि दोन शाळा बदलल्या असतील तर दोन्हीकडून. जूनमध्ये काउन्सेलर सुट्टीवर जातात, म्हणून शेवटच्या आठवड्यातच ऑफिसात जाऊन पाठवलंय का ते विचारून या. मेडिकल फॉर्म, इन्शुरन्स कार्डाच्या दोन्ही बाजू, लसींचे रेकॉर्ड, हे कॉलेजच्या ट्रेनरला जुलैच्या आधी. यातलं एक जरी राहिलं तरी पहिल्या दिवशी पोर पॅड न घालता कडेला उभं राहतं.